दामदुप्पट आणि दोनशे पन्नास

मागच्या पावसाळ्यात मूर्तिजापूरचा एक मुलगा घरी आला. भाच्याचा मित्र. खिशातून त्याने रेल्वेची पावती काढली, घड्या घालून घालून मऊ पडलेली. परीक्षेला अमरावतीला जाताना तो विनातिकीट सापडला होता, आणि परीक्षा होती रेल्वे भरतीची. ‘‘काका, माह्यावर केस झाली ना जी? आता लिस्टात नाव लागूनही काय फायदा?’’

हसू आलं ते दाबलं. त्याला रात्ररात्र झोप नव्हती. खिडकीवर रांग होती, मेमू फलाटाला लागली, हा धावत चढला. माना गेलं, आणि कुरूमच्या अलीकडे टीसी डब्यात आले. दंड आणि भाडं मिळून तीनशेच्या आतली रक्कम झाली. याच्याजवळ एकशे ऐंशी. शेजारी बसलेल्या धोतरवाल्या म्हाताऱ्याने बंडीच्या खिशातून शंभराची नोट काढून टीसीच्या हातावर ठेवली, आणि कुरूम आलं तसा तो उतरून गेला. नाव नाही, गाव नाही.

मुलाला मी आधी एवढंच सांगितलं की ही केस नाही, ही वसुली आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात दोन कलमं शेजारीशेजारी बसली आहेत. 138 म्हणतं, तिकीट नसेल तर भाडं द्या, वर जादा आकार द्या, पावती घ्या. 137 म्हणतं, फसवण्याच्या हेतूने विनातिकीट बसला असाल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; आणि न्यायालयाने खास कारण नोंदवलं नाही तर दंड पाचशेच्या खाली नाही. पहिलं उधारीचं कलम, दुसरं गुन्ह्याचं. मध्ये भिंत आहे ती हेतूची. पण हेतू कपाळावर लिहिलेला नसतो. मग प्रत्यक्षात ही भिंत कशावर उभी राहते? माझं उत्तर असं की ती खिशावर उभी राहते, आणि या लेखात मला भांडायचं आहे ते त्याच्याशी.

हिशेबच मांडू. अमरावती ते बडनेरा जेमतेम दहा किलोमीटर, साध्या गाडीचं किमान भाडं दहा रुपये. 138 प्रमाणे जादा आकार हा भाड्याइतका किंवा अडीचशे रुपये, यांपैकी जो जास्त असेल तो. म्हणजे दहाच्या तिकिटाला दोनशे साठ. सव्वीस पट. आता वातानुकूलित डब्यातून मुंबईला निघालेला, दीड हजाराचं तिकीट बुडवणारा घ्या. त्याला दीड हजार भाडं आणि दीड हजार आकार. दुप्पट, बस्स. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुप्पट नावाचा नियम होता. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, सावकाराने कितीही वर्षं वाट पाहिली तरी. मुंबई उच्च न्यायालयानेही तो मानला. लांबच्या प्रवाशाच्या बाबतीत रेल्वे हा दामदुप्पट आपसूक पाळते. जवळच्याला मात्र सव्वीस पट! मूळ कायद्यात अडीचशेच्या जागी पन्नास रुपये होते, 2004 पासून अडीचशे झाले. पन्नास होते तेव्हाही तिढा हाच होता. किमान रकमेचा हा आकडा दिसायला सगळ्यांना सारखा, पण तो लागतो फक्त कमी अंतरवाल्याला, आणि वऱ्हाडात कमी अंतरवाला म्हणजे बोरगाव मंजूहून अकोल्याला कामाला जाणारी बाई, टाकळीहून बडनेऱ्याला भाजी घेऊन येणारा माणूस.

त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. प्रवासी कुठे चढला याचा संशय असेल तर भाडं गाडी सुटली त्या स्थानकापासून धरायचं. वाटेत तिकिटं तपासली गेली असतील तर तिथपासून. म्हणजे हावड्याहून आलेल्या गाडीत बडनेऱ्याला चढलेल्याचा शब्द कुणी मानला नाही, तर कागदावर तो हावड्याहून आलेला. या मुलाचा शब्द टीसींनी मानला. माणूस भला होता. कायदा मात्र भलेपणावर चालवायचा नसतो.

आणि पैसे नसतील तर? 138 चंच चौथं उपकलम सांगतं, मागणी केल्यावर रक्कम दिली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून ती दंडासारखी वसूल करायची, आणि वसूल झाली नाही तर दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद. ‘मागणी केल्यावर’ म्हणजे तिथेच, चालत्या गाडीत. मुदत नाही. कर्जाला मुदत असते हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. सोसायटीचं पीककर्ज असो की कापूस विकून फेडायची कृषी केंद्राची उधारी, तारीख ठरलेली असते. इथे उधारी आणि कैद यांच्यामध्ये एका स्थानकाचं अंतर. एकशे ऐंशीवाला मुलगा आणि तीनशेवाला मुलगा यांनी एकच चूक केली, एकाच डब्यात, एकाच दिवशी. बंडीतली शंभराची नोट नसती तर दोघांच्या गोष्टी बडनेऱ्याला वेगळ्या झाल्या असत्या.

जगात इतरत्र सगळं आलबेल आहे असं नाही. जर्मनीत विनातिकीट प्रवास फौजदारी गुन्हा आहे, आणि दंड न भरता आल्यामुळे तुरुंगात गेलेल्यांचे पैसे भरून त्यांना सोडवण्यासाठी तिथे 2021 मध्ये लोकांनी एक निधीच उभारला. पण इंग्लंडमधली एक साधी सोय पाहा. तिथे दंड शंभर पौंड अधिक भाडं. एकवीस दिवसांत भरला तर निम्मा. घरी जा, पगार होऊ द्या, विचार करा. त्याच इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्यांनी घाईच्या एकतर्फी प्रक्रियेने चालवलेले सुमारे 74 हजार खटले 2024 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने एका फटक्यात रद्दबातल ठरवले, कारण ती प्रक्रिया या गुन्ह्यांना लागूच नव्हती. भाडेवसुलीचं काम फौजदारी यंत्रणेवर टाकलं की असं होतं. एकेका प्रकरणात रक्कम एवढीशी असते की कुणी वकील करत नाही, आणि कुणी वकील करत नाही म्हणून चूक वर्षानुवर्षं दिसत नाही.

आपल्याकडे याचा भाऊ म्हणजे मॅजिस्ट्रेट चेकिंग. फाटकं अडवली जातात, आरपीएफ उभी असते, पन्नासेक जण एका बाजूला बसवले जातात. ‘गुन्हा कबूल?’ ‘कबूल.’ पाचशे-सातशे भरून माणूस सुटतो, आणि घरी सांगतो की टीसीने पावती फाडली. त्याला कळलेलंच नसतं की आपण न्यायालयात दोषी ठरलो. कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात विचारलेलं असतं की न्यायालयाने तुम्हाला कधी दंड केला आहे काय. टीसीची पावती असलेला तिथे सरळ ‘नाही’ लिहू शकतो, कबूल म्हणून आलेला लिहू शकत नाही. म्हणून त्या बाकावर बसायची वेळ आलीच, तर आधी एकच प्रश्न विचारावा, की साहेब, ही वसुली आहे की खटला? आणि खटला असेल तर 1958 चा परिवीक्षा कायदा आठवावा. पहिल्या चुकीला समज देऊन सोडण्याची मुभा त्यात दंडाधिकाऱ्याला आहे, आणि तसं सोडल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण हे मागावं लागतं. मान खाली घातलेला माणूस काही मागत नाही.

लाजेचाच खरा घोटाळा आहे. लाजेपोटी मुलं लपवतात, आणि लपवणं मूळ चुकीहून महाग पडतं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात हा गुंता बराच सोडवला. माहिती खरी द्या. पण तरुण वयातली किरकोळ बाब लपवली गेली असेल, तर नेमणूक करणाऱ्याने तारतम्याने तिकडे काणाडोळा करावा. त्याआधी 2011 मध्ये दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायमूर्तींना ह्यूगोचा पाव चोरणारा जाँ वालजाँ आठवला होता. न्यायालयाला हे सुचलं, आपल्या घरांना सुचत नाही. ‘फुकट्या’ हा शब्द आपण फार सैल तोंडाने वापरतो.

आणि निवडून वापरतो. अमरावती-अकोला अपडाउन करणारी शिक्षक, बँकवाले, कार्यालयातले बाबू अशी मंडळी मी पाहतो. पास साध्या डब्याचा, बसतात आरक्षित डब्यात, टीसी ओळखीचे. ‘काय पाटीलसाहेब’ झालं की तपासणी पुढे सरकते. नियमाने हाही विनातिकीट प्रवासच. त्यांना फुकटे म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मीही त्या बाकांवर बसलेलो आहे, तेव्हा आवाज चढवत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. असंच सवलतीने वागलं तर तिकीट काढेल कोण? रेल्वे तोट्यात जाईल आणि रांगेत उभा राहणारा मूर्ख ठरेल. खरं आहे, म्हणूनच 137 पुसून टाका असं मी म्हणत नाही. जुनं तिकीट पुन्हा चालवणारा, तारीख खोडणारा, महिनोन्महिने गुंगारा देणारा, यांच्यासाठी ते असावंच. मागणं इतकंच की किमान आकार अंतराला बांधा, पाचपट करा, दहापट करा. आणि ज्याच्या खिशात रक्कम नाही त्याला ओळखपत्र पाहून पंधरा दिवस द्या. वसुली वाढेल असा माझा कयास आहे. शिवाय रेल्वेनेही आरशात पाहावं. करोनानंतर त्याच साध्या गाड्या ‘स्पेशल’ म्हणून धावल्या आणि दहाच्या जागी किमान तीस रुपये घेतले गेले. 2024 च्या फेब्रुवारीत पुन्हा दहा झाले. मधल्या काळातल्या त्या वीस-वीस रुपयांची पावती कुणी फाडली?

कायद्यात माणुसकी नाही असंही नाही. 139 कलम वाचून मला नेहमी कुतूहल वाटतं. विनातिकीट प्रवाशाला उतरवता येतं. पण सोबत पुरुष नसलेली बाई किंवा लेकरू असेल तर ते जिथे चढले तिथे, किंवा जंक्शनवर, शेवटच्या स्थानकावर, जिल्ह्याच्या ठिकाणीच उतरवायचं, आणि तेही दिवसाउजेडी. म्हणजे अकोल्याला चालेल, बडनेऱ्याला चालेल. माना किंवा मंडुऱ्याला नाही, आणि रात्री कुठेच नाही. हे लिहिणाऱ्याने संध्याकाळचा ओसाड फलाट डोळ्यांसमोर आणला असणार. 55 कलमात तर त्याहून पुढची सोय आहे. अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याला आधीच सांगून परवानगी घेतली, तर भाडं नंतर देण्याच्या बोलीवर प्रवास करता येतो, आणि तसा दाखलाही सहसा मिळायला हवा. ही चक्क उधारीची तरतूद. वऱ्हाडला ती नवी नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर शकुंतला धावत होती तेव्हा कित्येक थांब्यांवर खिडकीच नव्हती, गार्डच डब्यात तिकीट द्यायचा. तो येईपर्यंत सगळा डबा विनातिकीट आणि गुन्हेगार कुणीही नाही. आता फोनवर तिकीट निघतं, आणि फोनची बॅटरी संपली की तिकीट काढलेला माणूसही विनातिकीट ठरतो.

त्या मुलाला मी पावती फाईलमध्ये ठेवायला सांगितली, मार्कशीटच्या मागे. त्याला ते पटलं, पण तो उठेना. त्याचं दुसरंच काही चाललं होतं. अमरावतीच्या क्लाससाठी आता तो रोज जातो, पास काढून. शंभराची एक नोट त्याने पाकिटात वेगळी ठेवली आहे. कुरूमला मेमू मिनिटभर थांबते. तेवढ्या वेळात तो दाराशी येऊन फलाटावरची धोतरं बघतो. दोनदा हाक मारून पाहिली म्हणाला. दोन्ही वेळा भलतेच निघाले. त्यातल्या एकाने विचारलं, ‘‘कायचे पैसे बापू?’’ सांगेपर्यंत गाडी सुटली.