पाक कपड्यांचा हिशोब

आमच्या ब्रह्मपुरीत उन्हाळ्यात कपडे वाळण्याची चिंता कोणी करीत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचा कुर्ता कडक झालेला असतो. पावसाळ्यात तोच कुर्ता तीन दिवस ओला राहतो, त्याला कुबट वास येतो. धानाच्या रोवणीचे दिवस असले तर चिखल वेगळाच. धुण्याचा ढीग साचतो तो याच दिवसांत, आणि ढीग साचला की तो कोणाच्या वाट्याला येतो हे घरात कोणी विचारीत नाही. आम्हीही अनेक वर्षे विचारले नव्हते.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्द धरणातून पाणी सोडावे लागले आणि आमच्या तालुक्यातील लाडजसारखी नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. मोहर्रमचे दिवस होते, त्यात कोरोनाचा काळ. काठच्या एका गावातून आमची खाला, तिची मुले, सुना गाठोडी घेऊन आमच्या घरी आली. गाठोडी सोडली तर त्यांत कपडा कमी आणि गाळ जास्त. धुण्याला येणाऱ्या बाईंचे येणे कोरोनामुळे बंद होते. चार दिवस अम्मी आणि भाभी मोरीवरून उठल्या नाहीत. पाचव्या दिवशी पिळता पिळता चादर अम्मीच्या हातातून गळून पडली. मनगट टम्म सुजले होते. आणि आम्ही घरातले पुरुष त्याही दिवशी घडीचे, धुतलेले कपडे घालून पाच वेळा नमाजेला उभे राहिलो.

कपडे पाक असणे ही नमाजेची शर्त आहे. सूरह मुद्दस्सिरमध्ये वस्त्रे पाक ठेवण्याची जी आज्ञा आली, ती प्रत्यक्ष प्रेषितांना उद्देशून आली. म्हणजे आज्ञा वस्त्र अंगावर घालणाऱ्याला आहे, त्याच्या आईला किंवा बीबीला नाही. आमच्या एका बुजुर्ग स्नेह्यांना आम्ही हे बोलून दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मियाँ, कपडा पाक असला म्हणजे झाले. कोणी धुतला याने नमाजेत काही फरक पडत नाही." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. नमाज होते. पण त्या सुजलेल्या मनगटाचा हिशोब तिने मिटतो का? प्रेषित घरात काय करीत, असे हजरत आयेशांना विचारले गेले तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत, आपले कपडे स्वतः शिवत, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसच्या ग्रंथांत आहे. ही हदीस आम्ही लहानपणापासून बयानांत ऐकत आलो. ऐकून घरी यायचो आणि घामाचा कुर्ता खुंटीवर फेकायचो.

हे आमच्याच घरचे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. शिवाय दर शंभर पुरुषांत असे काम करणारेच मुळात २६. २०२४मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा मिनिटे दोन्हीकडे थोडी उतरली. अंतर जवळपास तेवढेच राहिले.

पूर ओसरल्यावर आम्ही घरात एक साधी रीत घातली. ज्याचा कपडा, त्याची बादली. रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाने आपले दिवसाचे कपडे भिजवायचे. फजरनंतर धुवायचे, पांढरे आधी, रंगीत मग, पायपुसणी शेवटी. दादीचा जुना नियम कायम ठेवला, तीन पाणी आणि दर पाण्याला पिळणे. उन्हाळ्यात जोहरच्या आत कपडे काढून घ्यायचे, नाहीतर रंग उडतो. मगरिबपूर्वी घड्या करून ज्याच्या त्याच्या पेटीत. अब्बांचे आणि लहानग्यांचे कपडे पाळीपाळीने. पावसाळ्यात रोज फक्त पातळ कपडे. जाड पँटी आणि चादरी उघडीप पडेपर्यंत थांबतात. रोजचे काम वीस-पंचवीस मिनिटांचे. पुढे मशीन आले, तरी भिजवणे, वाळत घालणे, घडी करणे मशीन करीत नाही, म्हणून रीत तशीच राहिली.

पहिला विरोध अम्मीचाच झाला. मुलगा अंगणात कपडे पिळतो आहे, शेजारी काय म्हणतील? आम्हाला ते दुखले नाही, तिला दुखले. चाळीस वर्षे ज्या कामावर तिचे घरातले स्थान उभे होते, तेच कोणी काढून घेत आहे असे तिला वाटले असावे. न्याय करायला निघालेल्याने हे आधी विचारात घ्यावे. आम्ही घेतले नव्हते.

दुसरी गोष्ट आम्हाला दोरीवर दिसली. पुरुषांच्या बनियनी भर उन्हात आणि बायकांचे आतले कपडे ओढणीखाली, कोपऱ्यात, अर्धवट ओले. पाकीचा एवढा आग्रह धरणाऱ्या घरात ज्यांना ऊन सर्वांत जास्त लागते त्यांनाच ऊन नाही. भाभीने मागच्या अंगणात भिंतीच्या आड वेगळी दोरी बांधून घेतली. परवानगी कोणाची मागितली नाही, हे बरे केले.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. कोरोना संपल्यावर धुण्याच्या बाई परत आल्या. आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, आता आम्ही आमचे धुतो. त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याच्या पैशांचे काय, एवढेच विचारले. आमच्या नैतिकतेची किंमत त्यांनी भरायची होती. आपल्याच विदर्भात शेंडगावला १८७६ साली परीट कुटुंबात गाडगेबाबा जन्मले. ज्यांच्या हातून गावाचे कपडे स्वच्छ होत, त्यांनाच गाव खालचे मानी. आमच्यातही बिरादऱ्यांची उतरंड आहे, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा घरातल्या बाईचे ओझे कमी करताना बाहेरच्या बाईची रोजी काढून घेतली, तर आम्ही काय कमावले? आणि त्यांना ठेवले, तर आमची मळलेली कॉलर पुन्हा दुसऱ्याच्याच मनगटावर नाही का?

सध्या त्या जुम्याच्या आदल्या दिवशी येतात. चादरी, पडदे, गोधड्या त्यांच्याकडे, पैसे पूर्वीइतकेच. चादरीचे दुसरे टोक पिळायला आमच्यातला एकजण मोरीवर थांबतो. पहिल्या दिवशी बाई संकोचल्या होत्या. आता उशीर झाला की आत हाक मारतात, "भाऊ, या ना लवकर, ऊन चाललं."