मांडीचं हाड आणि सालाचा हिशोब

मांडीचं हाड मोडलं की पूर्वी माणूस पायाला वजन टांगून महिनोन्‌महिने खाटेवर. 1939 साली जर्मनीत क्युंचर नावाच्या सर्जननं हाडाच्या पोकळीत पोलादी सळई घालायची रीत काढली. आता चार दिवसांत वॉकर धरून उभं करतात. लोकांना वाटतं, झालं. पण सळई नुसता आधार. हाड जुळतं ते आपल्याच चालीनं. आधी रक्त साकळतं, मग मऊ गाठ धरते, मग ती कडक होते. चार-सहा महिने जातातच, बिडीवाल्याला जास्त.

आमच्याकडं साल पाडव्याला ठरतं. शिवारातला एक सालगडी आषाढात मालकाच्या बैलगाडीखाली सापडला, मांडी मोडली. मालकानं दवाखाना केला, हे खरं. मग साल तोडलं. "काम न्हाई तर दाम कशाचं?" पारावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटेना. बैल पायानं अधू झाला तरी वैरण घालतोच की आपण. गड्यानं नुसते हातपाय नाही, वर्ष दिलेलं असतं. आणि दुखणं मालकाच्याच कामातलं. आता दोन एकरवाल्यानं दोन गड्यांचं कुठून भरायचं म्हणाल, तर तिथं माझंही तोंड बंद होतं. पण हा वीस एकरवाला होता.

दिवाळीला गडी काठी टेकत राखणीचं काम मागायला गेला. वाड्यावर दुसरा गडी लागला होता.