हातच्या वस्तूचे मोल



आज मी माझीच एक चूक तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी घरी खोबरेल तेलाचा साबण बनवते. तिची जाऊ हातमागावर छोटे पंचे आणि पिशव्या विणते. रविवारच्या मिस्सेनंतर दोघी चर्चच्या आवारात एकच टेबल मांडून बसतात. गेल्या वर्षी आजाऱ्यांच्या जागतिक दिनासाठी, म्हणजे ११ फेब्रुवारीसाठी, मी साबणाच्या २०० वड्या मागितल्या. तिने ६० रुपये दर सांगितला. मी म्हणालो, "चर्चचे काम आहे, ४० ने दे." हातात दिवस होते पंधरा. ती "बरं फादर" म्हणाली. फादरांना नाही कोण म्हणणार?

आठ दिवसांनी ती कार्यालयात आली. "फादर, बाजारातून तयार साबणाची लादी आणली, वितळवली आणि साच्यात ओतली. वेष्टनावर 'हाताने बनवलेला' असं लिहू ना? ओतला तर मी हातानेच." (हा प्रसंग तिच्या संमतीने लिहीत आहे.)

"असे लिहू नकोस" एवढे सांगून मी मोकळा झालो असतो. पण तिने हिशेबाची वही पुढे केली. तेल, कॉस्टिक सोडा आणि कागद मिळून वडीमागे ३६ रुपये. माझ्या दराने तिच्या हाती उरत होते चार रुपये, म्हणजे २०० वड्यांचे ८००. ढवळणे, ओतणे, कापणे, वाळत घालणे, गुंडाळणे यांचे तिने धरलेले तास होते चाळीस. तासाला वीस रुपये! शिवाय तेल आणि सोडा एक-दोन दिवसांत एकजीव झाले, तरी पाणी उडून वडी कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत तिचा नेहमीचा साबण मिळणे शक्यच नव्हते. मी तिला खोटे लिहायला सांगितले नव्हते. पण खोटे लिहिल्यावाचून पुरी होणार नाही अशी मागणी मीच केली होती.

आता प्रश्न असा, की त्या वेष्टनावर ते दोन शब्द लिहिण्यात वाईट काय? साबण तर स्वच्छच करणार, कोणाच्या त्वचेला अपाय नाही. मग फसवणूक कोणाची?

एक म्हणजे घेणाऱ्याची. तो फक्त फेस विकत घेत नाही. कोणीतरी आपल्यासाठी वेळ दिला, यावर विश्वास ठेवून तो चार पैसे जास्त मोजतो. दुसरी फसवणूक होते खरोखर हाताने काम करणाऱ्या शेजारणीची. खोटी चिठ्ठी लागली, की तिच्या खऱ्या चिठ्ठीवरचाही विश्वास उडतो. हातमाग विणकरांनी हे पुरेपूर भोगले आहे. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले जाऊ लागले. अखेर खऱ्या मालाची ओळख पटावी म्हणून केंद्र सरकारला २००६ साली 'हँडलूम मार्क' सुरू करावे लागले. येवल्याची पैठणी घेताना जाणत्या बायका पदर उलटून पाहतात. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. आपल्या व्यवहाराचा पदरही असा उलटून पाहता आला पाहिजे.

पण पदर दोघांचाही उलटला पाहिजे, घेणाऱ्याचासुद्धा. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य किमतीचा विचार केला. वस्तू तिच्या मोलापेक्षा महाग विकणे जसा अन्याय, तसाच ती मोलापेक्षा स्वस्त घेणे हाही अन्यायच, असे ते मानतात. सेमिनरीत हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. भाव पाडताना मात्र आठवले नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही एक गिऱ्हाईक भेटते. ते माल वाईट म्हणून नाके मुरडते आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारते. "मॉलमध्ये असा पंचा निम्म्या किमतीत मिळतो," असे त्या जावेला ऐकवणारे आपणही त्याच्याच गोत्रातले.

याउलट, तोबीतच्या पुस्तकात त्याची पत्नी अन्ना आठवते. नवरा आंधळा झाल्यावर तिने विणकाम करून घर चालवले. मालकांनी तिला पुरी मजुरी दिली आणि वर एक करडू भेट दिले. तोबीत सज्जन माणूस, पण त्याला ते खरेच वाटेना. त्याला वाटले करडू चोरीचे आहे. हातच्या कामाला कोणी मनापासून जास्त देईल, यावर आपला इतका कमी विश्वास!

तरीही एक सावधगिरी हवी. कष्ट केले म्हणून वाटेल ती किंमत मागता येत नाही. वडी चिरकत असेल, पंच्याची वीण सैल असेल, तर विकणाऱ्याने ते सांगावे आणि दुरुस्त करावे. दयेपोटी माल खपवू नये आणि दयेपोटी घेऊही नये. दान द्यायचे तर उघड दान द्यावे. किंमत ही दया नव्हे, ती देणे आहे.

शेवटी त्या वड्यांवर आम्ही लिहिले, 'तयार साबणापासून साच्यात ओतलेला'. कोणाही आजाऱ्याने तक्रार केली नाही. या वर्षी मी दोन महिने आधी सांगितले आणि तिची वही पाहून दर ठरवला. २०० ऐवजी १५० वड्या परवडल्या. उरलेल्या पन्नास जणांना पुढच्या भेटीत देऊ.

मिस्सेनंतर त्या टेबलापाशी जाल तेव्हा एवढेच करा. वस्तू उलटसुलट पाहा, कशी बनवली ते विचारा. पटली तर सांगितलेली किंमत द्या. न पटली तर हसून खाली ठेवा. आणि भगिनींनो, तुम्हीही वहीत आपले तास मांडत जा. जे तास आपणच मोजत नाही, ते दुसरा कशाला मोजील?

तुमचाच,
प्रमुख धर्मगुरू