गुबगुबीत अक्षरांची शिस्त

खेळकर अक्षर म्हणजे सैल अक्षर, असा एक समज रूढ आहे. पुस्तकाचा मजकूर जुळवायचा टंक हे गंभीर काम, आणि शीर्षकासाठीचा जाड, गोलमटोल टंक ही नुसती मौज. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचा ‘मोदक’ हा देवनागरी फाँट नीट पाहिला, की हा हिशेब उलटा निघतो. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या या देवनागरी अक्षरांची सुरुवात हाताने काढलेल्या रेखाटनांतून झाली. त्यांत रेघ इतकी फुगली, की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा जवळजवळ संपली. देवनागरीची अडचण अशी, की ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक नेमका त्या पोटातल्या तिरक्या रेघेत असतो. ‘म’ आणि ‘भ’ ओळखायला तर शिरोरेषेतल्या छोट्याशा खंडाचाच मोठा आधार. सडपातळ टंकात यासाठी जागा आपसूक मिळते. इथे केसाएवढी फट कुठे ठेवायची, कुठे बुजवायची, हे अक्षरागणिक ठरवावे लागते. शिवाय वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार; आणि जोडाक्षरांत दोन लठ्ठ अक्षरांना एकाच बाकावर बसवायचे. अक्षर ओळखू येण्यासाठी किमान काय उरले पाहिजे, हा प्रश्न साधा टंक इतक्या निकराने विचारतच नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अक्षरकार कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकाचे शीर्षक काढत तेव्हा त्या नाटकापुरतेच अक्षर घडवत. फाँटमध्ये प्रत्येक ‘क’ हुबेहूब दुसऱ्या ‘क’सारखा, मग हाताचा गोडवा उरला कुठे? खरे आहे, आणि ज्याला अक्षरकाराला बोलावणे शक्य आहे त्याने बोलवावेच. पण गल्लीतल्या बालनाट्याला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, घरगुती खाऊच्या पाकिटाला तेवढी ऐपत कुठून असणार? त्यांच्यासमोरचा पर्याय बहुधा शेडगे नसतो, संगणकात आयता असलेला टंक असतो. ‘मोदक’ मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. इंग्रजीत गमतीशीर टंकांचा ढीग असताना मराठी जाहिरातीने सरकारी परिपत्रकाच्या चेहऱ्याने का वावरावे?

दुसरी तक्रार अतिवापराची. ती टंकाविरुद्ध नाही, वापरणाऱ्याविरुद्ध आहे, तरी तिच्यात तथ्य आहे. हे अक्षर दोन-तीन शब्दांचे, मोठ्या आकाराचे आणि मोकळ्या जागेचे. बालपुस्तकाच्या मुखपृष्ठावर, गणेशोत्सवाच्या फलकावर ते खुलते. श्रद्धांजलीच्या फलकावर ते क्रूर दिसेल. फलकाच्या तळाशी देणगीदारांची यादीही त्याच टंकात बसवण्याचा मोह होतो, तो आवरावा. बारीक आकारात त्या जपून ठेवलेल्या फटी शाईने भरतात, आणि ‘बापट’ की ‘वापट’ हे शेवटी खुद्द बापटांनाच सांगावे लागते.