परसातील पहिला तोडा कोणाचा?

शेतकऱ्याने आपल्या परसात पिकविलेली उत्तम भाजी स्वतः आवडीने खावी, की ती बाजारी नेऊन तिचे पैसे करावे आणि घरी उरलेसुरले शिजवावे? हा प्रश्न नीतीचा आहे असे पुष्कळांस वाटणार नाही. तो पोटाचा आहे, फार तर हिशेबाचा आहे, असे ते म्हणतील. परंतु खेड्यापाड्यांतून फिरताना आमच्या असे ध्यानात आले आहे की, या लहानशा प्रश्नाच्या उत्तरावर लेकराबाळांचे आरोग्य, घरधनिणीचा मान आणि शेजारधर्म ही तिन्ही अवलंबून असतात. म्हणून वाचकांनी आमच्याबरोबर याचा थोडा विचार करावा, अशी विनंती आहे.

आम्ही ज्या मुलखात वावरतो तो अहिल्यानगर जिल्हा होय. 2024 पर्यंत त्याचे सरकारी नाव अहमदनगर असे होते. या एका जिल्ह्यात दोन देश आहेत असे म्हटले तरी चालेल. उत्तरेस प्रवरेचे खोरे. तेथे भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी खेळू लागले, आणि पुढे उसाबरोबर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड हा कोरडवाहू टापू. तेथे बाजरी, तूर आणि रब्बीची ज्वारी यांवर भिस्त. पाणी आहे तेथे घरोघर हिरवे परस असावे अशी आपली अपेक्षा. परंतु कालव्याच्या काठी कित्येक ठिकाणी ऊस थेट उंबऱ्यापर्यंत आलेला आम्ही पाहिला आहे. कोथिंबिरीची जुडीदेखील त्या घरी आठवड्याच्या बाजारातून येते. उलट, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते अशा वस्तीत मोरीच्या पाण्यावर घेवड्याचा वेल जगविणारी म्हातारी आढळते. सर्वत्र असेच असते असे आमचे म्हणणे नाही. पण परस हिरवे असणे हे केवळ पाण्यावर अवलंबून नाही, एवढे यावरून दिसून येते.

मग ते कशावर अवलंबून आहे? आमच्या मते, आपल्या अन्नाविषयी आपल्या मनात काय भाव आहे यावर.

पहिली गोष्ट अशी की, रुचीने जेवणे म्हणजे जिभेचे चोचले पुरविणे, असा एक समज भाविक माणसांत फार दृढ आहे. मिळेल ते गिळावे, चवीचे नाव काढू नये, हे त्यांस वैराग्याचे लक्षण वाटते. खादाडपणा वाईट, यात वाद नाही. परंतु खादाड मनुष्य चव घेतच नाही. पुढच्या घासाच्या लोभात तोंडातल्या घासाची त्यास शुद्ध नसते. जो सावकाश, चवीने जेवतो तो थोडक्यात तृप्त होतो. आणि दुसरे असे की, चव घेणाऱ्यासच अन्नामागचे हात दिसतात. तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी पापुद्रा फुगून वाफ सोडते आहे, तिच्यावर घरच्या मिरचीचा ठेचा आहे, बाजूस लसणाची खमंग फोडणी दिलेली अंबाडीची आंबट भाजी आहे. असे ताट पुढे आले असता ज्याचे लक्ष दुसरीकडेच असते, तो वैरागी नव्हे, तो केवळ बेफिकीर. भाकरी थापणारीचे मनगट तासभर चुलीपुढे भाजले, हे त्याच्या गावीही नसते.

आपल्या इकडील अन्नाची खुबी अशी की, ते ऋतूबरोबर चालते. मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की बांधावर तांदुळजा, कुरडू, टाकळा आपोआप उगवून येतात. त्यांस कोणी पेरीत नाही. श्रावण-भाद्रपदांत दोडका, कारले, भोपळा मांडवावर लोंबू लागतात, आणि भोपळ्याची जास्तीची नर फुले तोडून त्यांचीही भाजी होते. थंडी पडली की घेवडा, वालाच्या शेंगा, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला. पुढे ज्वारी निसवून दाणा दुधात आला की हुरडा. उन्हाळ्यात हिरवे काही नसते तेव्हा वाळविलेला हरभऱ्याचा पाला, सांडगे आणि वाळल्या गवारीच्या शेंगा डब्यांतून बाहेर येतात. ज्याने ही वाट पाहिली आहे त्यासच पहिल्या पावसानंतरच्या पहिल्या पालेभाजीची गोडी कळते. बारमाही सर्व काही मिळणाऱ्या शहरातल्या मनुष्यास ती बहुधा कळत नाही. त्याची आम्हांस थोडी कीवच येते.

असे असता आपले लोक या अन्नाची लाज का बाळगतात? पाहुणा आला की तांदुळज्याची पाटी लपविली जाते आणि दुकानातून बटाटे, बिस्किटांचा पुडा व पोळ्यांसाठी गव्हाचे पीठ आणले जाते. या लाजेला हसणे सोपे आहे. परंतु आम्ही हसणार नाही, कारण तिच्यामागे इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांस सुकडी मिळे, आणि मिलो नावाची परदेशची तांबडी ज्वारी लोकांनी नाक मुरडून का होईना, पण खाल्ली. तेव्हा टाकळा आणि कुरडू हौसेने नव्हे, निरुपायाने शिजविले गेले. त्याहून खोल गोष्ट अशी की, आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांस गावकीच्या कामाबद्दल घरोघरची शिळी भाकरी मिळे. ती वरून टाकली जाई. ज्या भाकरीबरोबर अपमान वाढला गेला, त्या भाकरीपासून पुढच्या पिढीचे मन विटले तर नवल काय? दुकानातून दाम मोजून आणलेला पदार्थ त्यांस मानाचा वाटला. तेथे कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

परंतु बंधुभगिनींनो, दुसऱ्याने वरून टाकलेली भाकरी आणि आपल्या चुलीवर आपण भाजलेली भाकरी या एक नव्हेत. पहिलीचा विटाळ दुसरीला लावणे म्हणजे ज्याने अपमान केला त्यालाच अजून आपल्या ताटावर हक्क देणे होय. अपमान धान्यात नव्हता, देणाऱ्याच्या हातात होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि मोठमोठ्या मेजवान्यांत नाचणी-बाजरीचे पदार्थ वाढले गेले. मोठ्यांनी खाल्ले म्हणून आपण खावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो तर लाजेचाच दुसरा प्रकार झाला. आम्ही एवढेच सांगतो की, 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाजरीत लोह चांगले असते. शेवग्याचा पाला तर या दोन्ही बाबतींत फार मोलाचा. आणि 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया व दोन तृतीयांशांहून अधिक लहान मुले रक्तक्षयी आढळली. शेवगा दारात उभा आहे आणि दारातले मूल पांढरे फटक पडले आहे, असा देखावा आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एका गावी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. कष्टाळू आणि सरळ. त्यांच्या बांधावर शेवग्याची दहा-बारा झाडे आहेत. आम्ही त्यांस म्हणालो, "शेंगांचा पहिला तोडा तरी घरी ठेवीत जा." ते म्हणाले, "पाळकसाहेब, पहिल्या तोड्यालाच भाव असतो. त्या पैशांतून पोरीची फी भरतो. शेंगा खाऊन बसलो तर ती शाळेत कशी जाईल?" हे उत्तर खोडून काढण्याजोगे नाही. भरल्या पोटी इतरांस उपदेश करणे सोपे असते. रोख पैसा ज्याच्या घरी वर्षातून दोनदाच येतो, त्यास बाजार हा शत्रू नव्हे.

तरीही या उत्तरात एक गोष्ट राहून गेली आहे असे आम्हांस वाटते. मोशेच्या नियमशास्त्रात मळणी करणाऱ्या बैलास मुसके घालण्याची मनाई आहे. खळ्यावर बैल धरलेला ज्याने पाहिला आहे त्यास तिचे मर्म समजते. बैलाने सारी रास खावी असा तिचा अर्थ नाही. रास धन्याचीच, पण जो तिच्यावरून फिरतो आहे त्याने फिरता फिरता तोंड लावले तर तो त्याचा हक्क आहे, आणि तो हिशेबात धरायचा नाही. आम्ही बैलाची मुसकी काढतो आणि आपल्या बायकापोरांच्या तोंडास बांधतो, असे तर होत नाही ना? फीचे पैसे ज्या पोरीसाठी, ती पोरगी रक्त कमी असल्यामुळे वर्गात पेंगत असेल, तर फी भरूनही शिक्षण पुरे पदरात पडत नाही. म्हणून त्या गृहस्थांस आमचे म्हणणे असे की, शेंगा खुशाल विका. परंतु पाला कोणी विकत घेत नाही, तो तुमचाच आहे. झाड उंच जाऊ न देता छाटून हाताच्या टप्प्यात ठेवा, म्हणजे पाला मुलांनाही खुडता येईल. आणि दर तोड्यातून कालवणापुरत्या शेंगा मोजण्याआधी बाजूला काढा. एकदा मोजल्यावर काढणे जड जाते. मनुष्यस्वभाव असा आहे.

बाजारावर सर्व भार टाकण्यात आणखी एक धोका आहे. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीस बंदी झाली ती मे 2024 मध्ये उठली. त्या महिन्यांत ज्यांच्या शेतात कांद्यावाचून दुसरे काही नव्हते त्यांचे भाव गेले, आणि कालवणाची भाजी मात्र पूर्वीच्याच दराने विकत घ्यावी लागली. परसाने कोणी श्रीमंत होत नाही हे खरे, पण भाव पडल्या दिवशी परसातला भोपळा लहान होत नाही.

येथे एका उलट्या दोषाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो वाढत आहे. काही शेतकरी घरच्यासाठी वेगळा वाफा राखतात आणि त्यावर औषध मारीत नाहीत. बाजारच्या वांग्यांवर मात्र आज फवारणी आणि उद्या तोडणी. स्वतःच्या लेकरांस जे आपण देणार नाही ते दुसऱ्याच्या लेकरांस विकणे, यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हे डब्यावर छापलेले असते. वाचता येत नसेल तर गावातल्या उपदेशकाने ते वाचून दाखवावे. हेही सेवेचेच काम आहे.

ज्यांस जमीन नाही ते म्हणतील, आमचे परस कोठे आहे? परंतु वेलास जमीन थोडी लागते, आधार पुष्कळ लागतो. आणि छप्पर सर्वांस असते. दोडक्याचा एक वेल टोपलीभर मातीत लावून छपरावर सोडता येतो. शेवग्याची हातभर जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी रोवली तरी ती धरते. मोरीचे पाणी केळीस व अळवास चालते. मात्र हल्ली भांडी राखेने न घासता साबणाने घासतात, म्हणून ते पालेभाजीवर ओतू नये. राख वाया घालवू नये; पानांवर मावा दिसला तर पहाटे दंव असता ती भुरभुरावी.

बियाण्याची गोष्ट तर याहून महत्त्वाची. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी वाल-घेवड्याचे नाना प्रकार, भात व भाज्यांचे गावरान बी जमवून राखले, आणि 2020 साली त्यांच्या नावाची पद्मश्रीसाठी घोषणा झाली. संकरित बियाण्याचे उत्पन्न पुष्कळदा अधिक येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर आईसारखी लेक होत नाही, आणि दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. गावरान वेलावरचे सर्वांत निकोप फळ बियाण्यासाठी ठेवून, वाळवून, राखेत घोळून मडक्यात भरले म्हणजे ते आपले झाले. आणि मूठभर शेजारणीस दिले तर आपले मडके एखादे साली किडले तरी बी गावात राहते. असे देणे-घेणे जातीच्या भिंतीपलीकडे जाताना आम्ही पाहिले आहे. ज्या घरातून पाण्याचा तांब्या मिळत नसे, त्या घरची बाई घेवड्याचे बी मागावयास आली आणि ओसरीवर बसून चहा घेऊन गेली.

शेवटी एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. परसात पाणी घालणारी, भाजी निवडणारी, भाकरी थापणारी बाई बहुतेक घरांत सर्वांच्या मागून जेवते, आणि तिच्या वाट्यास भांड्याला लागलेला रस व उरलेली भाकरी येते. रक्तक्षयाच्या त्या आकड्यात हीच बाई मोजलेली आहे. बाजारास पहिला तोडा द्यावा की घरास, याची चर्चा आपण पुरुष ओसरीवर बसून करतो, आणि घरास दिलेल्या तोड्यातला घास कोणाच्या तोंडी गेला हे पाहावयास आत कोणी जात नाही. एका कुटुंबात आम्ही जेवावयास बसलो असता घरधन्याने बायकोचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडावयास लावले, शेवग्याच्या पाल्याची भाजी आधी तिला वाढली, वर लिंबू पिळले, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नको असे सांगितले. लिंबाने पाल्यातले लोह अंगी लागते व चहाने ते अडते, हे त्यास आरोग्यसेविकेकडून कळले होते. बाई लाजली; सासू काही बोलली नाही; मुलांनी आपापली ताटे जवळ ओढली. भाजी चांगली झाली होती, आणि ती बाईने दोनदा घेतली.