अपयशाचा धनी

पुष्कळ हातांनी मिळून केलेल्या कामाचे फळ कोणाच्या नावे मांडावे, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. यश आले की त्याला वाटेकरी पुष्कळ मिळतात. अपयश आले म्हणजे मात्र धनी शोधावा लागतो, आणि तो बहुधा एकच सापडतो. हा धनी निवडताना समाज न्यायाने वागतो की केवळ सोयीने, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. त्यासाठी उदाहरण घेत आहोत ते अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे. वाचकांस विषय दूरचा आणि काहीसा क्षुल्लक वाटेल. परंतु जेथे प्रत्येक कृत्याची मोजदाद होते, आणि तीही हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होते, तेथे हा प्रश्न जितका उघडा पडतो तितका तो कचेरीत किंवा संसारात पडत नाही.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू तेथे बहुतांशी हातांनी वाहून नेतात वा फेकतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यास चार संधी मिळतात. तेवढ्यात न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. १९६० नंतरच्या दशकात गडी हवे तितके बदलण्याची मुभा महाविद्यालयीन खेळात पक्की झाली आणि एका संघाचे जणू दोन संघ झाले, एक चढाई करणारा आणि दुसरा बचाव करणारा. या दोहोंवर मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली एकेक अधिकारी असतो. चढाईच्या अधिकाऱ्यास ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. आपण त्यास आक्रमण-संयोजक म्हणू.

दर संधीस कोणता डाव खेळावा, हे ठरवणे हे त्याचे मुख्य काम. एक डाव संपल्यावर दुसरा सुरू करण्यास सामान्यतः ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने मैदान वाचायचे, डाव निवडायचा आणि तो क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईच्या सूत्रधार गड्याला, कळवायचा. पूर्वी हे हातांच्या खुणांनी चाले. २०२४ पासून वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन सामन्यांत गड्याच्या शिरस्त्राणात बसवलेल्या यंत्रातून त्याच्याशी बोलता येऊ लागले. परंतु घड्याळात १५ सेकंद उरले की ते यंत्र आपोआप मुके होते. पुढे जे घडायचे ते दुसऱ्यांच्या हातून घडते. या पदाचे सारे मर्म त्या पंधरा सेकंदांत आहे, असे आम्हांस वाटते. सांगणारा एक, करणारे अकरा, अडवणारे अकरा. आणि निकालाची नोंद होते ती सांगणाऱ्याच्या नावे.

आता आयोवा विद्यापीठात काय घडले ते पाहू. तेथील संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाची धुरा १९९९ च्या हंगामापासून कर्क फेरेन्ट्झ यांनी वाहिली. २०१७ साली त्यांचे पुत्र ब्रायन हे त्याच संघाचे आक्रमण-संयोजक झाले. ब्रायन हे काही उपरे नव्हते. ते याच संघातून खेळले होते, न्यू इंग्लंडच्या व्यावसायिक संघात प्रशिक्षकाचे काम करून आले होते, आणि २०१२ पासून वडिलांच्या हाताखाली काम करीत होते. आप्ताने आप्तावर देखरेख करू नये असा विद्यापीठाचा नियम असल्याने कागदोपत्री पुत्राचा वरिष्ठ म्हणून क्रीडासंचालकाची योजना झाली. कागदाने पितापुत्रांमध्ये भिंत घातली. मैदानावर मात्र दोघे एकाच रेषेवर उभे होते.

२०२२ च्या हंगामात संघाची चढाई फार दुबळी ठरली. सामन्यामागे गुणांची सरासरी १७.७ इतकीच पडली. लोकांत ओरड झाली. तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायन यांच्या करारात बदल करण्यात आला. वार्षिक वेतन ९,००,००० डॉलरांवरून ८,५०,००० डॉलरांवर आले आणि करार पुढे चालू राहण्यास दोन अटी घातल्या गेल्या: संघाने निदान सात सामने जिंकावेत आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण मिळवावेत. नवल असे की, बचावाच्या गड्यांनी चेंडू हिसकावून गुण मिळवले तर तेही या सरासरीत धरावयाचे होते. तो हंगाम संपला तेव्हा संघाने सात नव्हे तर दहा सामने जिंकले होते. सरासरी मात्र १५.४ वर राहिली होती. परंतु हंगाम संपेपर्यंत कोणी थांबले नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, संघ आठांपैकी सहा सामने जिंकून बसला असताना, तेव्हाच्या प्रभारी क्रीडासंचालिका बेथ गोएट्झ यांनी ब्रायन यांना पुढील वर्षी ठेवले जाणार नाही, असे जाहीर केले. त्याच हंगामात त्याच संघाचे बचाव-संयोजक फिल पार्कर यांस देशातील सर्वोत्कृष्ट साहाय्यक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. एकाच घराच्या एका ओसरीवर सत्कार झाला आणि दुसरीवरून माणूस निरोप घेऊन निघाला.

पंचवीस गुणांची ती अट वरवर पाहता अत्यंत न्याय्य दिसते. आकडा कोणाची भीड धरीत नाही; तो बापाचा मुलगा ओळखत नाही. परंतु आकडा निःपक्षपाती असतो तो केवळ मोजण्यात. काय मोजावे हे माणसेच ठरवतात आणि तेथे त्यांचा संकोच, त्यांची भीती, त्यांची सोय ही सर्व आकड्यात शिरतात. बचावाच्या गड्यांनी मिळवलेले गुण चढाईच्या अधिकाऱ्याच्या खाती जमा करणारा हिशेब हा हिशेब नव्हे. लोकांपुढे धरलेली ती ढाल होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी तेथे सदोष ठरवली आहे. आम्ही त्यास इतकीच पुस्ती जोडू की, जो केवळ दुसऱ्यालाच कर्ता समजतो त्याची दृष्टीही तितकीच सदोष होय. आयोवाच्या त्या हंगामाला ही पाच कारणे लावून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे संघाची मूळ रीत. ती मुख्य प्रशिक्षकांची, जोखीम टाळून बचावावर भिस्त ठेवण्याबद्दल प्रसिद्ध असलेली. संयोजकाने तिच्या चौकटीत राहूनच डाव निवडायचे. साधने म्हणावीत तर क्वार्टरबॅक केड मॅक्नमारा सप्टेंबरच्या अखेरीस गुडघा दुखावून हंगामास मुकला. आणि दैव? २१ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध कूपर डीजीन याने प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू उचलून थेट अंतिम रेषेपलीकडे नेला. परंतु आधी त्याचा हात हलला तो नियमाने दिलेली खूण ठरते, असे पंचांनी ठरवले, गुण रद्द झाले आणि सामना १२ विरुद्ध १० असा हातचा गेला. नऊच दिवसांनी ती घोषणा झाली. एका गड्याच्या हाताच्या हालचालीने दुसऱ्याची नोकरी गेली असे आम्ही म्हणत नाही. परंतु पंचवीसच्या सरासरीत ती हालचालही मोजली गेली होती, हे विसरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग कोणालाच कधी जाब विचारायचा नाही काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. महाविद्यालयीन खेळाडूच्या वाट्यास सामान्यतः चार हंगाम येतात. प्रशिक्षकाला शिकण्यास वेळ द्यावा, असे म्हणताना तो वेळ कोणाच्या आयुष्यातून दिला जात आहे, हे पाहिले पाहिजे. एका माणसावरील दयेची किंमत दुसऱ्यांच्या तारुण्याने चुकवावी, ही दया नव्हे. ब्रायन यांस दूर करण्याचा निर्णय चुकला, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. अन्याय झाला असेल तर तो २०२३ साली झाला नाही. तो २०१७ साली, नेमणुकीच्या दिवशीच, झाला.

आप्ताची नेमणूक वाईट का, याचे उत्तर सहसा असे देतात की, त्यामुळे अधिक लायक परका माणूस डावलला जातो. ते खरे आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे. अशा नेमणुकीचा दुसरा बळी ज्याच्यावर कृपा झाली तो स्वतःच असतो. पुत्र यशस्वी झाला तर लोक म्हणतात, बापाची पुण्याई. फसला तर म्हणतात, बापाचा मोह. त्याचे यश त्याचे नाही आणि अपयशही त्याचे नाही. जिंकलेल्या सामन्याच्या अखेरीस संघाने आणखी एकदा गुण मिळवला तर तो खेळासाठी की मुलाच्या करारासाठी, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात डोकावणारच, मग बापाच्या मनात तसे काही असो वा नसो. स्वतःच्या गुणावगुणांवर तोलले जाण्याचा जो हक्क अगदी सामान्य उमेदवारालाही असतो, तो अशा माणसाकडून प्रेमानेच हिरावून घेतला जातो.

आपल्याकडे विद्या बापाकडून मुलाकडे येण्याची परंपरा थोर आहे. गवयांची घराणी, कीर्तनकारांच्या आणि वैद्यांच्या पिढ्या यांचा दाखला कोणी दिल्यास तो योग्यच होईल. पण तेथे बाप हा गुरू असतो. पोटास देणारा आणि मान डोलावणारा असतो तो श्रोता किंवा रोगी, म्हणजे परका. मुलाची परीक्षा बापाच्या हाती राहत नाही. गुरू होणे आणि धनी होणे यांतील हे अंतर ज्याने मिटवले त्याने परंपरा राखली नाही. तिच्यातील कस लावणारा दगड तेवढा काढून टाकला. परप्रांतात वसलेल्या आपल्या समाजाच्या शाळा, वाचनालये आणि मंडळे लहान असतात, आणि निवडणारे व निवडले जाणारे एकमेकांच्या घरी जाणारे-येणारे असतात. तेथे या भेदाची आठवण ठेवणे अधिकच अवघड आणि म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

निरोप मिळाल्यावर ब्रायन फेरेन्ट्झ यांनी काम टाकले नाही. फळाची आशा जाहीरपणे काढून घेतली गेली होती, तरी ते हंगाम संपेपर्यंत डाव सांगत राहिले. संघाने लागोपाठ चार सामने जिंकले, त्यांतला एक १० विरुद्ध ७, एक १३ विरुद्ध १० असे काठावरचे. अखेरचे दोन मोठे सामने मात्र एकही गुण न मिळवता गेले. आकड्यांच्या वहीत याची नोंद पराभव म्हणूनच आहे. पण जो माणूस मोबदला संपल्यावरही नेमून दिलेले काम करीत राहतो, त्याच्याविषयी त्या वहीत एकही रकाना नसावा, हे त्या वहीचेच उणेपण होय.

२०२४ च्या आरंभी नवे संयोजक नेमले गेले. टिम लेस्टर हे वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले, फेरेन्ट्झ कुटुंबाबाहेरचे. त्या वर्षी गुणांची सरासरी पंचविसाच्या वर गेली. लोक म्हणाले, पाहा, माणूस बदलताच फळ आले. आम्ही दोनच गोष्टी लक्षात आणून देतो. चढाईचा मोठा भार वाहिला तो केलेब जॉन्सन या धावपटूने. १,५३७ यार्ड आणि २१ टचडाउन ही त्याची त्या हंगामातील कमाई. हा गडी संघात आला तो २०२२ साली, जुन्या संयोजकाच्या अमदानीत. आणि दुसरे असे की, गुण वाढले त्या वर्षी विजय दहांवरून आठांवर आले. ज्याच्यासाठी एक माणूस गेला आणि दुसरा आला, ते नेमके कोणते फळ होते?

याचा अर्थ लेस्टर यांची नेमणूक अनाठायी होती, असा नाही. ती अधिक न्याय्य होती. पण गुण वाढले म्हणून नव्हे. ती न्याय्य होती, कारण आता काही चुकले तर ते त्यांचे चुकलेले असेल आणि काही साधले तर ते त्यांचे साधलेले असेल, निदान पाचांतील एका कारणापुरते तरी. एवढे स्वातंत्र्य कोणत्याही नेमलेल्या माणसाचे प्राथमिक देणे आहे.

म्हणून नेमणूक करणाऱ्यास आमचे सांगणे असे. जेवढा अधिकार दिला तेवढाच जाब मागावा. जे त्याच्या हाती होते, म्हणजे तयारी, निवड, गड्यांना दिलेले शिक्षण, झालेल्या चुकीतून घेतलेला धडा, ते आधी तपासावे आणि मग फळाकडे पाहावे. आकडा साक्षीदार म्हणून बोलवावा, न्यायाधीश म्हणून बसवू नये. आणि माणूस दूर करण्याची वेळ आलीच तर दूर करणाऱ्याने आपले नावही त्या अपयशाखाली लिहावे. कारण निवड त्याची होती. जो निवडण्याचा मान घेतो आणि निवडीचा दोष दुसऱ्यावर टाकतो, तो नवा माणूस कितीही चांगला आणो, त्याने जुन्या माणसाचे देणे बुडवलेलेच असते.