औषध सोडण्याची घाई

गेल्या पावसाळ्यांत पेणेहून नागोठण्यामार्गें रोह्याकडे जात असतां एका उपदेशक बंधूनें आम्हांस एक प्रश्न केला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, मंडळींतलें एखादें माणूस मनाच्या खिन्नतेवर गोळ्या घेतें आणि आपण त्याच्यासाठीं प्रार्थनाही करतों. मग त्याला बरें वाटलें तर तें कोणाच्या नांवावर मांडावें? आणि बरें वाटल्यावरही तें गोळ्या घेत राहिलें, तर त्याचा विश्वास उणा म्हणावा कीं काय?" प्रश्न साधा दिसतो. परंतु ह्याच प्रश्नाचें उतावळें उत्तर देऊन आम्हीं एकदां एका भगिनीचें मोठें नुकसान केलें आहे. म्हणून त्याविषयीं लिहिणें आम्हांस आज कर्तव्य वाटतें. तिच्या परवानगीनें लिहीत आहों. नांवगांव सांगत नाहीं.

ही भगिनी रोहा तालुक्यांतील एका खेड्यांत राहते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. त्यांत तिच्या घराचीं कौलें उडालीं, वाडींतलीं झाडें आडवीं झालीं; टाळेबंदीमुळें यजमानांचें काम तर आधींच बंद होतें. पुढें घर उभें राहिलें, पण ती उभी राहिली नाहीं. रात्रीं दोनच्या सुमारास जाग येई, ती पुन्हां डोळा लागत नसे. भाकरी तव्यावर करपली तरी तिचें लक्ष नसे. उपासनेला येई, पण गीताला तोंड उघडत नसे. अखेर यजमानांनीं तिला शहरांतील एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं खिन्नतेवरील गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनीं तिला झोप लागूं लागली, महिन्या-दीड महिन्यानें ती हसली, आणि आम्हीं सर्वांनीं देवाचे उपकार मानले.

मग दुसरी गोष्ट सुरू झाली. वर्षभरांत तिचें अंग सुटलें. लग्नाला घालावयाच्या चोळ्या होईनात. लावणीच्या वेळीं बायका म्हणत, "काय गो, बरीच सुटलीस! औषध चांगलंच मानवलं म्हणायचं!" बोलणाऱ्यांच्या मनांत वाईट नव्हतें, परंतु ऐकणारीस तें फार लागे. शेवटीं एका रविवारीं तिनें आपलें दुःख आमच्याजवळ उघडें केलें. आम्हीं म्हणालों, "बाई, प्रभूनें तुम्हांला बरें केलें आहे. आतां ह्या काठीची गरज काय? विश्वास धरा आणि टाकून द्या." आम्हांस त्या औषधाचें नांव ठाऊक नव्हतें, किती प्रमाणांत घेतात हेंही ठाऊक नव्हतें. तिनें घरीं जाऊन पाकीट चुलींत टाकलें.

चौथ्या दिवसापासून तिला घेरी येऊं लागली. मान वळवली कीं डोक्यांत विजेचा झटका बसल्यासारखें होई. मळमळ, घाम, भयंकर स्वप्नें, आणि लेकरांवर कधीं न केलेला संताप. शेजारी म्हणाले, व्यसन लागलें. सासरचे म्हणाले, जुना आजार उलटला. मंडळींतील कोणी म्हणालें, विश्वास कमी पडला. ह्या तिन्ही निवाड्यांपैकीं सर्वांत क्रूर तो तिसरा, आणि त्याचें बीं आम्हींच पेरलें होतें.

आतां ह्या औषधांविषयीं जें खात्रीनें ठाऊक आहे तें वाचकांनीं ऐकावें. १९५२ सालीं न्यूयॉर्क येथील सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नांवाचें औषध देत असतां, मरणोन्मुख माणसें आनंदी होऊं लागलीं, त्यांची भूक वाढली, वजन वाढलें, असें आढळून आलें. तेथूनच हें औषध खिन्नतेवर वापरावें अशी कल्पना निघाली. यकृतास अपाय होतो म्हणून तें पुढें मागें पडलें. थोड्याच काळानें स्वित्झर्लंडांतील डॉक्टर रोलँड कून ह्यांनीं १९५७ सालीं इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला, आणि १९८७ सालीं अमेरिकेंत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. आपल्या देशाचाही ह्या कथेंत वांटा आहे. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्ताचा दाब उतरतो हें जगापुढें मांडलें. पुढें त्या मुळीच्या अर्कानें कित्येकांना खिन्नता येते असें दिसलें. त्या निरीक्षणाविषयीं तज्ज्ञांत वाद झाले. तरी औषधानें मन खालीं जातें तर औषधानें तें वरही येईल, ह्या विचारास त्यानें बळ दिलें.

वाचकहो, पहिल्याच प्रसंगाकडे पाहा. क्षयी माणसाचें वजन वाढलें तेव्हां तो आशीर्वाद ठरला. आमच्या भगिनीचें वाढलें तेव्हां तो थट्टेचा विषय झाला.

वजनाविषयीं सर्व गोळ्या सारख्या नाहींत. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, पॅरोक्सेटिन ह्यांनीं तें वाढण्याचा संभव अधिक, फ्लुओक्सेटिननें कमी. २०२४ सालीं अमेरिकेंत सुमारें १ लक्ष ८३ हजार माणसांच्या नोंदी तपासून असें दिसलें कीं, नेहमींच्या वापरांतील आठ औषधांची तुलना केली असतां सहा महिन्यांनंतर सरासरी फरक एका किलोहूनही कमी पडतो. पण सरासरी म्हणजे प्रत्येक माणूस नव्हे. कोणाचें कांहींच वाढत नाहीं, कोणाचें पांच-दहा किलो वाढतें. शिवाय खिन्नतेंत अन्न तुटलेलें माणूस बरें झालें कीं पुन्हां जेवूं लागतें, तेंही अंगावर दिसतें.

आतां गोळी सोडल्यावर काय होतें तें. २०२४ सालींच सुमारें २१ हजार रोग्यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हां औषध थांबविणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ३१ जणांना कांहीं ना कांहीं त्रास झाला. परंतु ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती ती थांबविल्यावरही शंभरांत सुमारें १७ जणांनीं त्रास सांगितला. म्हणजे खुद्द औषधामुळें होणारा त्रास सहा-सात माणसांत एकाला. तीव्र त्रास शंभरांत सुमारें तिघांना. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन ह्यांनीं तो अधिक होतो, कारण तीं शरीरांतून लवकर निघून जातात. फ्लुओक्सेटिन हळूहळू जातें म्हणून त्यानें कमी. ज्यांनीं औषध पुष्कळ वर्षें घेतलें आहे त्यांना सोडणें अधिक जड जाऊं शकतें.

हें व्यसन नव्हे. दारुड्यास दारूची तहान लागते, प्रमाण वाढवावेंसें वाटतें, तिच्यासाठीं तो घर विकतो. ह्या गोळीची तशी तहान कोणास लागत नाहीं. परंतु शरीर तिला सरावतें हें खरें. पेणेच्या खारेपाटांतील शेतकऱ्यांस हें लवकर समजेल. बंदिस्ती घातली कीं आंतली जमीन हळूहळू गोडी होते आणि भात पिकूं लागतें. ती बंदिस्ती उधाणाच्या दिवशीं एकाएकीं फोडली तर खारें पाणी शेतांत भरतें. त्या वेळीं शेताला बंदिस्तीचें व्यसन लागलें होतें असें कोणी म्हणत नाहीं. पाणी आंतबाहेर करावयाचें तर उघाडी असते, आणि ती भरतीओहोटी पाहून उघडावी लागते. गोळीही अशीच, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं थोडी थोडी कमी करावयाची असते.

आणखी एक खूण लक्षांत ठेवावी. सोडण्याचा त्रास बहुधा थोड्याच दिवसांत सुरू होतो, त्यांत घेरी, झटके असे शरीराचे विकार असतात, आणि गोळी पुन्हां सुरू केली तर तो लवकर निवतो. मूळ आजार उलटतो तो बहुधा हळूहळू, आठवड्यांनीं वा महिन्यांनीं. निवाडा मात्र डॉक्टरांनींच करावा.

एवढें समजल्यावर उपदेशक बंधूच्या प्रश्नाकडे वळूं. औषध घेणें हा अविश्वास आहे काय? एलीया संदेष्टा झुडपाखालीं बसून मरण मागत होता, तेव्हां देवदूतानें त्याला उपदेश केला नाहीं. त्याला निजूं दिलें, उठवून भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां निजूं दिलें. प्रश्न त्यानंतर विचारला गेला. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता, आणि पौलानें तीमथ्यास पोटासाठीं उपाय सुचविला. तेव्हां शरीराच्या वाटेनें आलेलें साह्य कमी प्रतीचें असें शास्त्र म्हणत नाहीं. बरें वाटलें तें कोणाच्या नांवावर मांडावें ह्याचें उत्तर इतकेंच कीं, जो पाऊस पाडतो त्याचे उपकार मानतांना आम्ही नांगरास खोटें म्हणत नाहीं.

परंतु येथें एक खरी हरकत आहे, आणि ती टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कोणी म्हणेल, दुःखाला कारण असतां गोळी कशाला? पेणेंत २०१० सालीं पेण अर्बन बँक बंद पडली आणि कित्येक ठेवीदारांची जन्माची पुंजी अडकली. त्यांची झोप उडाली ती काय औषधाच्या अभावीं? ह्या हरकतींत सत्य आहे. गोळी कौलें चढवीत नाहीं, कर्ज फेडीत नाहीं. प्रत्येक शोक हा रोग नव्हे, आणि प्रत्येक शोकास गोळी नको. किंबहुना एखाद्यास गोळी मिळाली म्हणून आतां त्याच्या घरीं जाण्याचें कारण उरलें नाहीं असें मंडळीनें मानलें, तर ती गोळी आमच्या आळसाचें पांघरूण होते. पण ज्याला उठून कौलें चढविण्याचें बळच राहिलें नाहीं, त्याला आधीं उभें करणें हीही दया आहे. एक केल्यानें दुसरें माफ होत नाहीं.

दुसरा प्रश्न सत्याचा आहे. त्रास आधीं सांगितले तर खेड्यांतलीं माणसें घाबरून औषधच घेणार नाहींत, म्हणून न सांगितलेलें बरें, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. आम्हांस तें मान्य नाहीं. आमच्या भगिनीला कोणी आधीं सांगितलें असतें कीं अंग वाढूं शकेल, वाढल्यास गोळी बदलतां येईल, आणि एकदम थांबवूं नये, तर तिनें तें सारें सोसलें असतें. तिला मोडलें तें त्रासानें नव्हे, त्या त्रासाचा अर्थ कळला नाहीं म्हणून. भल्यासाठीं लपविलेलें सत्य पुढें वाईट वेळीं एकटें भेटतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेंही रोग्यास आपल्या उपचाराची व त्याच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क बजावतांना खेड्यांतील बाई भिते. तिच्यासोबत जाऊन तिच्यावतीनें विचारणें हें उपदेशकाचें काम आहे.

तिसरा प्रश्न जिभेचा. दुसऱ्याच्या देहाविषयीं बोलणें आमच्यांत पाप मानीत नाहींत. त्यांतही पुरुषाचें पोट सुटलें तर तो सुखवस्तु, स्त्रीचें सुटलें तर ती आळशी. ज्या बोलण्यानें एखादी भगिनी आपलें औषध चुलींत टाकते, तें बोलणें थट्टा ह्या नांवाखालीं खपवितां येणार नाहीं.

आमच्या उपदेशक बंधूंस थोडक्यांत विनंति अशी. कोणासही गोळी सोड म्हणूं नका, घे म्हणूनही आग्रह करूं नका, डॉक्टरांकडे न्या. पावसांत वाटा बंद होण्यापूर्वीं गोळ्या घरांत आहेत ना हें विचारा. एकाची गोळी दुसऱ्यास देऊं देऊं नका. वजन वाढत असेल तर महिन्यास एकदां लिहून ठेवावयास सांगा आणि तो कागद डॉक्टरांस दाखवा. गरोदर भगिनीनें स्वतःच्या मनानें औषध बंद करूं नये. पंचविशीच्या आंतील तरुणांस औषध सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत कधीं कधीं जीव देण्याचे विचार बळावतात. त्या दिवसांत त्यांना एकटें सोडूं नका. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस ह्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथें पैसे न पडतां बोलतां येतें. तो प्रार्थनागृहाच्या दारावर लिहून ठेवावा.

त्या भगिनीचें पुढें काय झालें? डॉक्टरांनीं गोळी पुन्हां सुरू केली, कांहीं दिवसांत झटके थांबले, आणि मग दुसरें औषध देऊन पहिलें हळूहळू कमी केलें. वजन थोडें उतरलें, सारें उतरलें नाहीं. ती अजून औषध घेते. आम्हीं तिच्या ओटीवर बसून तिच्या व यजमानांच्या समक्ष क्षमा मागितली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही वाईट सांगितलंत असं नाही. पण तुम्हांला ठाऊक नव्हतं, तेवढं सांगायचं होतं."

प्रिय बंधुभगिनींनो, आम्हांस ठाऊक नाहीं असें म्हणण्यास जो पाळक भितो, त्याच्या हातीं विश्वास हा शब्दसुद्धां दगडासारखा होतो. हें आम्ही उशिरा शिकलों. तुम्ही वेळेवर शिकावें अशी आमची प्रार्थना आहे.